सातवी पाकळी

बाईंनी होकायंत्रावर दिशा धरली आणि कोऱ्या बर्फात पहिलं पाऊल टाकलं. "एक," त्या मोठ्याने म्हणाल्या. ऐकायला चिटपाखरूही नव्हतं.

डोंगराच्या कुशीतलं ते मैदान खालून ताटासारखं सपाट दिसत होतं. मधोमध रोवलेल्या काठीपासून निघायचं, शंभर पावलं जायचं, वळसा घ्यायचा, पुन्हा काठीपाशी यायचं. झाली एक पाकळी. अशा नऊ. मग तासाभराचा चढ चढून कड्यावर जायचं आणि तिथून फोटो. पावलांच्या कडा सावली धरतात त्या उन्हं तिरपी असेपर्यंतच, म्हणून उशीर परवडणार नव्हता. कॅमेऱ्याची बॅटरी गारठून मान टाकू नये म्हणून बाईंनी ती स्वेटरच्या आत, अंगाशी धरली होती.

शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंना एका कंटाळवाण्या परीक्षेच्या वेळी ही कल्पना सुचली होती. पण एकोणीस हिवाळे बाई खाली चालल्या आणि नवरा वर कॅमेरा घेऊन उभा राहिला. फोटो गाजले, पुस्तक निघालं, मुखपृष्ठावर नाव त्याचं. आत शेवटच्या पानावर बारीक टाइपात 'पत्नीच्या सहकार्याने'. जणू यांनी डबा भरून दिला होता! तीन वर्षांपूर्वी बाईंनी घर सोडलं ते त्या एका ओळीपायी, असं लोक म्हणत. बाई ते खोडून काढत नसत.

वरून तो सारखा ओरडायचा. "लांब टाक! अगं, लांब टाक पावलं!" बाईंचं डोकं उठायचं. आज कशी शांतता होती. चौथ्या पाकळीला गुडघा बोलू लागला, सहाव्याला घामाने बनियन अंगाला चिकटलं. सातवीला पाय विशेष जड झाले, पण आकडा चुकला नाही. नववी पुरी करून बाई आपल्याच पावलांत पाय ठेवत बाहेर आल्या आणि लगेच चढणीला लागल्या.

कड्यावरच्या चौकीचा राखणदार दारातच उभा होता.

"एकट्याच? साहेब नाहीत?"

"नाहीत."

"या दिवसांत एकटं येतात होय, बाई? घसरला असतात तर कुत्रंही विचारायला आलं नसतं."

"ट्रायपॉड धरा जरा," बाई म्हणाल्या. बॅटरी घातली, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि तशाच राहिल्या.

आठ पाकळ्या टपोऱ्या होत्या. सातवी आखडलेली, गळायला आल्यासारखी. तिथे जमिनीला चढ होता. खालून कळत नव्हता, पण पावलं आखूड पडली होती. शंभरच, पण आखूड.

"झकास झालंय की," राखणदार म्हणाला.

"चुकलंय."

"मग पुन्हा काढा."

"नवं बर्फ पडेस्तोवर नाही काढता येत."

त्याने आत जाऊन चहा ठेवला. बाहेर आला तेव्हा ऊन चढलं होतं आणि बाई अजून बटणावर बोट ठेवून उभ्या होत्या. मग त्यांनी एकदाच बटण दाबलं.

तोच फोटो दीड महिन्याने प्रदर्शनात लागला, खाली ठळक अक्षरांत एकट्या बाईंचं नाव. पहिल्याच संध्याकाळी नवरा आला. बराच वेळ फोटोसमोर उभा राहिला.

"तिथे चढ आहे," तो हळूच म्हणाला. "मी उगाच नव्हतो ओरडत."

"कळलं मला."

"केव्हा?"

"वर गेल्यावर."

तेवढ्यात दालनाच्या संचालिका लगबगीने आल्या. त्याला पाहून त्यांना कोण आनंद झाला, पण बोलल्या बाईंशीच.

"सगळे या एका पाकळीपाशी थांबतायत, बाई! आठ उमललेल्या आणि एक मिटलेली. केवढी हिंमत लागते असं करायला. मुद्दाम ठेवलीत ना?"

त्याने बाईंकडे पाहिलं. एवढी वर्षं अशा गर्दीत त्याच्या कोपराशी बाई उभ्या असायच्या, गप्प. आज तो उभा होता.

"हो," बाई म्हणाल्या. "मुद्दामच."

संचालिकांनी त्याच्याकडे वळून विचारलं, "तुमच्या फोटोंत हे कधी नव्हतं, नाही?"

"नव्हतं," तो म्हणाला. "ही कल्पना पूर्णपणे यांची."

चारचौघांत तो असं पहिल्यांदाच म्हणत होता. बाईंनी हातातलं पाणी एका घोटात संपवलं.

"दोघं जरा जवळ उभे राहा ना," संचालिका मोबाइल काढत म्हणाल्या. "हसा की, बाई."

बाई हसल्या.