बुजवलेली खाच

सांगा बघू, माझं वय किती असेल?

अंगावरच्या चकाकीवर जाऊ नका. मी एक जुनी दुनळी रायफल बोलतेय. मोठ्या जनावरांसाठी घडवलेली, जाड गोळीची. माझ्या नळीत तुमची करंगळी सहज जाईल. सध्या मी एका सरकारी कचेरीच्या कोठीत भिंतीला टेकून उभी आहे. शेजारी गंजलेल्या, मोडक्या बऱ्याच जणी आहेत. मला बघून त्या मनात म्हणत असतील, ही नवी नवरी इथे कशाला आली?

मला घडवणारा कारागीर अबोल होता. माझ्या एकेका भागाला तो दिव्याची काजळी फासायचा, दोन भाग एकमेकांत बसवायचा आणि पुन्हा काढून बघायचा. काजळी जिथे पुसली गेली तिथे हलक्या हाताने कानस मारायची. मग परत काजळी, परत कानस. दोन भागांत केससुद्धा शिरणार नाही, इतकं होईपर्यंत त्याचं हेच चालायचं. माझ्या पोटाचा पोलादी भाग त्याने हाडांच्या कोळशात पुरून तापवला आणि लालबुंद असतानाच पाण्यात सोडला. बाहेर आला तेव्हा त्यावर निळे, तपकिरी, जांभळे ढग उमटले होते. पाण्यावर तेल पसरलं की दिसतात ना, तसे. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता अक्रोडाचा. त्याला कसलंही रोगण लावलं नाही. तळहाताने तेल जिरवत राहिला, बस्स.

माझा पहिला मालक श्रीमंत होता. त्याने मला भिंतीवर टांगलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. माणसांची ही एक गंमत आहे. जी वस्तू वापरायची नसते, तिच्याबद्दल ती जास्त बोलतात. त्याच्या मागे मुलांनी घर आवरलं आणि मी स्वस्तात विकली जाऊन तात्यांकडे आले.

तात्या जंगल खात्यात शिकारी होते. हौसेने त्यांनी कधी जनावर मारलं नाही. एखादं जनावर पिसाळून माणसांवर येऊ लागलं, की बोलावणं यायचं. मग ते आणि त्यांचा धाकटा भाऊ निघायचे. धाकटा काडतुसं घेऊन मागे चालायचा आणि अखंड बडबड करायचा.

"अरे, तोंड मिट. जनावर पळून जाईल," तात्या म्हणायचे.

"पळालं तर बरंच की! दोघंही जिवंत घरी जाऊ."

एकदा मात्र जनावर पळालं नाही. जखमी रानरेडा होता. माझ्या दोन्ही नळ्या झाडून झाल्या होत्या, आणि तो झुडपातून सरळ आला. तात्या बाजूला फेकले गेले, मी त्यांच्या हातातून उडाले. त्याचं शिंग माझ्या दस्त्यात घुसून लाकूड उकलत गेलं. पुढच्या धडकेत धाकटा गेला.

त्यानंतर तात्यांनी शिकार सोडली. मला मात्र सोडलं नाही. रोज संध्याकाळी मला मांडीवर घ्यायचे, फडक्याने पुसायचे आणि अंगठा त्या खाचेत ठेवून बसायचे. तात्यांची बायको हसून शेजारणीला सांगायची, "ही माझी लोखंडाची सवत. मला कधी एवढं जपलं नाही हो!" धाकटा जंगलात गेला हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण ती खाच त्याच दिवसाची आहे, हे तात्यांनी कुणालाच सांगितलं नाही. काही माणसं दुःख बोलत नाहीत, नुसती त्यावर अंगठा ठेवून बसतात.

पुढे बायको गेली. मग तात्यांचे डोळे गेले, आणि डोळ्यांपाठोपाठ माझा परवाना. आता मला घरात ठेवता येणार नव्हतं. दोनच वाटा होत्या. जुन्या शिकारी हत्यारांच्या संग्रहालयाने मला घेतलं, तर काचेच्या कपाटात जागा. नाही घेतलं, तर कचेरीत जमा व्हायचं आणि तुकडे व्हायला करवतीखाली जायचं.

"काचेत राहू दे तिला," तात्या लेकीला म्हणाले. "करवत नको गं. तेवढं बघ."

तात्यांची लेक गुणी आहे. शाळेच्या ग्रंथालयात काम करते, घरी येऊन बापाचं सगळं करते. संग्रहालयाचा पारखी मला बघायला येणार असं कळल्यावर तिने मला कपाटातून काढलं आणि तिचा चेहराच पडला.

"अगं बाई, काय ही अवस्था! असली कळकट बंदूक कोण घेईल?"

पाहुणे येणार म्हटलं की माणसं घर घासूनपुसून ठेवतात. तिने माझंही तेच केलं. बाप दुपारचा झोपला की ती स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरायची आणि मला पुढ्यात घ्यायची. भांडी घासायच्या तारेने आणि पितळेच्या पॉलिशने तिने माझ्या पोटावरचे सगळे ढग उतरवले. पोलाद पांढरं पडलं. काचपेपरने दस्ता खरवडला, त्याबरोबर पकडीवरची बारीक नक्षी गेली. खाचेत तिने लाकडाच्या भेगा बुजवायची लांबी भरली, बोटाने दाबून सपाट केली आणि वर दोन हात वार्निश मारलं. तिचे हात सोलवटले होते. तरी मला उजेडात धरून ती केवढी हरखली!

"बघ, कशी छान दिसतेस! आता कोण तुला करवतीखाली घालतंय ते बघते मी."

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पण माझं तोंड फक्त एकाच कामासाठी होतं.

पारखी आला. साधा, हळू बोलणारा माणूस. मला बघताच त्याचे हात क्षणभर थांबले. तरी त्याने सगळं नीट तपासलं. मला उघडलं, नळ्यांत उजेड टाकून आतले पीळ बघितले, पुढचं लाकूड उतरवून खालचा शिक्का आणि क्रमांक ताडून पाहिला.

"अस्सल आहे," तो म्हणाला. "नळ्या, पोट, लाकूड, सगळीकडे एकच क्रमांक. असं काम करणारे हात आता उरले नाहीत. ताई, हे पॉलिश कुणी केलं?"

"मीच केलं. चांगलं झालंय ना?"

पारख्याने मला हलकेच खाली ठेवलं. मग म्हणाला, "मेहनत खूप घेतलीत. पण आम्ही जुनेपणाच बघतो हो. ते रंग, ते तेल, हाताने झिजलेलं लाकूड. तीच तिची किंमत. वार्निश काढता येईल, पण त्याखालचं गेलंय ते परत येत नाही. आमच्याकडे कपाटं मोजकी, आणि नियम कडक. मला ही घेता येणार नाही."

"म्हणजे... मी हात लावला नसता तर?"

त्याने उतरवलेलं लाकूड परत जागी बसवलं.

तेवढ्यात तात्या भिंत चाचपत बाहेर आले. "पारखी आलेत ना? द्या बघू एकदा. जायच्या आधी भेटतो तिला."

लेकीने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. तात्यांचे हात माझ्यावरून फिरले. एकदा फिरले, मग परत. अंगठा दस्त्यावर आला, पुढे गेला, मागे आला. वार्निशवर तो सारखा घसरत होता.

"ही कुणाची?" तात्या म्हणाले.

"आपलीच आहे, तात्या."

"मला आंधळा समजतेस होय गं?" ते हसले, मग एकदम हसायचे थांबले. "माझीला खाच आहे इथे. रानरेड्याचं शिंग लागलंय. धाकटा गेला, त्या वेळचं. माझी कुठाय?"

लेकीला त्या खाचेचं तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती काहीतरी सांगायला पुढे झाली, पण पारख्याने तिला हातानेच थांबवलं.

"तुमची माझ्या गाडीत आहे, तात्या," तो म्हणाला. "खाच असलेली. पेटीत घालून कुलूप लावलं. ही दुसऱ्याची आहे, तुम्हाला दाखवायला आणली होती."

"मग आधी सांगायचं नाही का, भल्या माणसा! घाबरलो ना मी." तात्यांनी मला मांडीवरून बाजूला सारलं. "तुमच्या त्या लोकांना सांगा, खाच बुजवू नका म्हणावं."

"नाही बुजवणार. ती आहे म्हणून तर मान आहे तिला."

"आणि पेटी उघडू नका आता. हातात आली तर माझ्याने सोडवणार नाही."

आयुष्यभर खरं-खोटं निवडणाऱ्या त्या माणसाने माझ्यासमोर मला परकी ठरवलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. ज्या मांडीवर माझी इतकी वर्षं गेली, तिथून मला दुसऱ्याची म्हणून उतरवलं. पण तात्यांचा चेहरा इतका निवांत झाला होता, की मी खरी असूनही खोटी ठरले ते बरंच झालं, असंही वाटलं.

माझा लेकीवर मुळीच राग नाही. तिने जे केलं ते मायेनेच केलं. तुम्हाला एवढंच सांगते. घरातलं जुनं काही घासायला घ्याल, तेव्हा आधी ज्याचं आहे त्याला विचारा. तो डाग, तो पोचा, ती चीर त्याची कोण लागते, ते त्यालाच ठाऊक असतं. तो सांगणार नाही कदाचित. तरी विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने मला जुन्या चादरीत गुंडाळलं. तात्या दारातच खुर्ची टाकून चहा पीत होते.

"काय नेतेस गं?"

"जुनं सामान आहे, तात्या. देऊन येते."

"बरं," तात्या म्हणाले, आणि आम्हाला जाता यावं म्हणून त्यांनी पाय जवळ घेतले.