डाव्या चाकाचे नट

"चढ वर. दोन्ही पाय ठेव. घाबरू नकोस, पाइप मोडत नाही."

"पाइप नाही मोडायचा, मीच मोडेन," ती म्हणाली, आणि ट्रकच्या पुढच्या दिव्याला धरून कशीबशी पाइपवर चढली.

चाकाचे नट खोलायचा मोठा पाना, त्याच्या दांड्यावर घातलेला चार हात लांबीचा लोखंडी पाइप, आणि पाइपच्या टोकावर पासष्टी उलटलेली ती. पाना नटावरून निसटू नये म्हणून नवरा खाली मांडी घालून तो दोन्ही हातांनी दाबून बसला होता.

"एवढी वर्षं खाल्लेलं आज कामाला येऊ दे."

"खाऊ दिलंत कधी पोटभर? ताटावर बसले की हाक यायची, पाना आण, दिवा धर."

"हं. आता जरा उडी मार."

"गुडघे कोण देणार? तुमच्या मिस्त्रीकडे गुडघ्याचे पार्ट मिळतात का विचारा आधी."

तरी तिनं अंग झोकलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा टण् असा आवाज झाला, पाइप खाली गेला आणि ती दिव्याला लोंबकळली. दिव्याची काच तेवढी वाचली.

"निघाला!" नवरा म्हणाला. मग त्यानं नट हातात घेतला आणि उलटा करून बघितला. नटाच्या आत बोल्टचा तुकडा अडकलेला होता. नट निघाला नव्हता, बोल्ट तुटला होता. सकाळपासून हा दुसरा.

"गंज," तो म्हणाला. "दीड वर्ष जागेवर उभी आहे. गंजणार नाही तर काय."

त्याला सगळे उस्ताद म्हणत. पन्नास वर्षं त्यानं ट्रक चालवला होता, आणि त्यातली सत्तावीस वर्षं हाच, पुढे लांब नाक असलेला. असा ट्रक आता रस्त्यावर दिसत नाही. गॅरेजवाले त्याला हात लावत नाहीत. जे मिळत नाही ते नेमकं त्यालाच लागतं. म्हणून दुरुस्ती घरी, मागच्या अंगणात. तिथं पूर्वी ती कपडे वाळत घालायची. आता दोरीवर फडकी असतात, आणि घरातल्या कुठल्याही चादरीला नाक लावलं तर रॉकेलचा वास येतो.

तीन आठवडे हे चाललं होतं. एक काम काढलं की त्याला दोन पोरं होत. रेडिएटर उतरवला तर पाइप फाटलेले निघाले. पाइप आणले ते दोन बोटं आखूड. स्क्रूड्रायव्हर हरवला म्हणून अख्खं घर उपसलं, तर उस्ताद त्याच्यावरच बसलेला. परगावाहून लेकीचा फोन आला की ती एकच वाक्य म्हणे, "आई, ते धूड भंगारात घाला आणि दोघं माझ्याकडे या." आई म्हणे, "तुझ्या बाबांना सांग." लेक बाबांना सांगत नसे.

पण या खेपेला गंमत नव्हती. वीटभट्टीवाल्यानं फेऱ्या द्यायचं कबूल केलं होतं. सोमवारी गाडी आरटीओत पासिंगला न्यायची, ब्रेक लागले, कागदावर शिक्का बसला की मंगळवारपासून विटा भरायच्या. दीड वर्ष ओट्यावर बसून रस्ता बघणारा माणूस पुन्हा पहाटे उठून दाढी करायला लागला होता. ते बघून तिनं रॉकेलच्या वासाबद्दल बोलायचं सोडलं होतं.

ब्रेकचे सगळे लायनर बदलायचे होते. उजव्या बाजूची चाकं गेल्या आठवड्यात झाली, नट मुकाट्यानं निघाले होते. राहिली होती डावी बाजू.

"तिसरा घेऊ," उस्तादनं पाना पुढच्या नटावर बसवला. पाइप पुन्हा बंपरच्या दिशेला आला. "चढ."

तिनं हात पुढे केला, दिव्याला धरायला. आणि तिथंच थांबली.

काहीतरी चुकत होतं, आणि ते तिला डोक्याच्या आधी हाताला कळलं. अशीच ती पूर्वी पाइपवर चढली होती, दुसऱ्या ट्रकच्या याच बाजूला, पुढच्याच चाकाशी. पण तेव्हा हातात दिवा नव्हता. दाराचा दांडा होता.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष. उस्तादचा क्लीनर दुसऱ्या गाडीवर पळाला आणि नवा मिळेना, म्हणून अकरा महिने तीच त्याच्याबरोबर ट्रकवर फिरली. सीटमागच्या फळीवर झोपायची, रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून चहा करायची, गाडी मागे घेताना पत्र्यावर थापा मारून ओरडायची. सासूला ते पसंत नव्हतं, आईला कळवलंच नव्हतं. तिच्या आयुष्यातले ते सगळ्यात मोकळे अकरा महिने होते. एकदा भर उन्हात, कुठल्याशा घाटाच्या तोंडाशी, पुढचं डावं चाक पंक्चर होऊन बसलं. ती मोठ्या हुशारीनं पाना लावून दिव्याच्या बाजूनं जोर करायला लागली. त्यानं धावत येऊन तिचा हात धरला.

"अगं बये, थांब! डाव्या चाकाच्या नटांचे आटे उलटे असतात. ड्रायव्हरची बाजू सरळ, क्लीनरची बाजू उलटी. इकडून जोर लावलास तर नट खुलणार नाही, आवळेल. बोल्ट तुटेल आणि आपण दोघं जाऊ घरी चालत."

"असं का पण?"

"चाक फिरताना नट आपोआप ढिला होऊ नये म्हणून. उलटं वाटतं, पण जीव वाचवतं."

मग त्यानं पाइप दाराच्या बाजूला फिरवला, तिला वर चढवलं, आणि नट लोण्यासारखा खुलला. पुढे कितीतरी दिवस तो तिला चिडवायचा. भाजीचा डबा उघडेना की विचारायचा, "डाव्या बाजूचा आहे का गं?"

तीच ही बाजू. तोच हा माणूस. सकाळपासून तो गंजाला शिव्या घालत नट आवळत होता आणि ती त्यावर उड्या मारत होती. तिच्याही लक्षात आलं नाही. कारण लोखंडाच्या बाबतीत त्याचं चुकेल, हे तिच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं.

"चढ ना. कसला विचार करतेस?"

"पाय दुखतो," ती म्हणाली. "जरा चहा टाकते."

स्वयंपाकघरात ती गॅस न पेटवताच उभी राहिली. गेल्या चार महिन्यांतल्या बारीकसारीक गोष्टी एकेक करून पुढे आल्या. दुकानात जाऊन रिकाम्या हातानं परत येणं. साखरेच्या डब्यात सापडलेली गाडीची किल्ली. लेकीच्या घराचा रस्ता विचारणं, तेही हसत, जणू तिची परीक्षाच घेतोय. वय झालं, असं म्हणून तिनं ते सगळं आवरून ठेवलं होतं. घरातल्या विसरण्याला कुणी मरत नाही. पण भट्टीचा रस्ता शाळेच्या फाटकावरून जातो.

बाहेर मोटरसायकल थांबली. मिस्त्री आला होता, ब्रेकचे नवे लायनर रिबिटनं ठोकून घेऊन. चोवीस वर्षांचा असताना तो उस्तादच्या हाताखाली होता, आता स्वतःचं गॅरेज होतं, डोक्याला टक्कल होतं, तरी या अंगणात तो चप्पल फाटकाबाहेर काढून येई. उस्ताद तेव्हा ट्रकच्या पलीकडे जॅक शोधत होता. मिस्त्री चाकाशी वाकला. तुटलेले दोन बोल्ट, बंपरच्या दिशेला वळलेला पाइप. त्यानं बराच वेळ बघितलं. मग मागच्या दाराशी आला.

"वहिनी, बोल्ट कुणी तोडले?"

"मी. मीच उभी होते पाइपवर."

"तुम्ही उभ्या होतात. पाना कुणी लावला?"

तिनं चहाचं भांडं उचलून परत ठेवलं.

"वहिनी, हे मला उस्तादनं शिकवलंय. कानफटात मारून शिकवलंय. अजून डावं चाक खोलताना हात आधी गालावर जातो माझा." तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. "मंगळवारी विटा भरून हा माणूस रस्त्यावर जाणार?"

"मला कळत नाही का?"

"मग तुम्ही सांगा. मला नाही जमायचं. मी दोन नवे बोल्ट घेऊन येतो दुकानातून." आणि लायनर ओट्यावर ठेवून तो उस्तादला तोंडही न दाखवता निघून गेला. एवढा मोठा मिस्त्री, पण मोटरसायकलला तीनदा किक मारावी लागली.

ती अंगणात आली. उस्तादला जॅक सापडला होता.

"मिस्त्री आला होता ना? गेला कुठं?"

"बोल्ट आणायला."

"लायनर बरे मारलेत. शिकलाय आता." त्यानं पुन्हा पाना उचलला आणि तिसऱ्या नटावर बसवायला लागला, त्याच बाजूनं.

किती प्रकारांनी सांगता आलं असतं. जेवताना, लेकीच्या तोंडून, डॉक्टरच्या तोंडून. तिनं काहीच सांगितलं नाही. त्याच्या हातातून पाना घेतला, काढला, फिरवून दाराच्या बाजूनं बसवला. पाइप चढवला. दाराचा दांडा धरला आणि चढली. उडी मारावी लागली नाही. करकर आवाज झाला, गंजाची पूड गळली आणि नट वळला. ती उतरली, हातानं तो पुरता काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. अख्खा.

तो नटाकडे बघत राहिला.

"हे तुला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता.

"तुम्हीच."

"कधी?"

"पहिल्या वर्षी. घाटाच्या तोंडाशी चाक बसलं होतं. मी चुकीच्या बाजूनं जोर करत होते."

"हां," तो म्हणाला. त्याला आठवलं, की तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, हे तिला ओळखता आलं नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्याचा 'हां' तिला कळला नाही.

तो ट्रकच्या पायरीवर बसला. तीही शेजारी बसली. पायरी दोघांना अरुंद होती, खांद्याला खांदा लागत होता. समोर फडकी वाळत होती.

"दोन बोल्ट," तो म्हणाला. "बोल्टचं काय, मिळतात. पण मी गंजाला शिव्या देत होतो गं. सकाळपासून. मला जरासुद्धा संशय आला नाही."

"मलाही नाही आला."

"तू ड्रायव्हर नाहीस." मग तळहातावरचा नट फिरवत, "आणखी काय काय गेलं असेल? गेलेलं कळणार कसं? असतं तेव्हा तरी कळतं की आहे."

तिनं पदरानं त्याच्या कपाळावरचं ग्रीस पुसलं. ते आणखीच पसरलं.

"सोमवारी पासिंगला मिस्त्रीला नेऊ दे," तो म्हणाला.

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारीही त्यालाच. भट्टीवाल्याला मी स्वतः जाऊन सांगतो, ड्रायव्हर बदललाय म्हणून. पण ब्रेकचं काम मी पुरं करून देणार. अर्ध्या ब्रेकची गाडी मी कुणाच्या हातात दिलेली नाही."

"करा की. कोण नको म्हणतंय."

मिस्त्री बोल्ट घेऊन आला तेव्हा उरलेले सगळे नट खोलून, रॉकेलमध्ये बुडवून, फडक्यावर ओळीनं मांडलेले होते. त्यानं एकदा उस्तादकडे, एकदा तिच्याकडे बघितलं.

"बघतोस काय? बोल्ट ठोक," उस्ताद म्हणाला. "आणि ऐक. सोमवारपासून गाडी तुझ्याकडे. दुसरा गियर अडकतो, क्लच पुरता दाबायचा. उतारावर हिला घाई करायची नाही. लांबून ब्रेक, हळूहळू."

"उस्ताद, मला कशाला... तुम्ही असताना..."

"मी आहेच की. कुठं जातोय?"

मिस्त्रीनं मान खाली घातली आणि हातोडा उचलला. तुटके बोल्ट निघाले, नवे बसले. लायनर चढले. उस्तादचे हात जुन्या सवयीनं चालत होते. स्प्रिंग बसवताना मिस्त्रीची बोटं अडकली तर त्यानं न बघता पक्कड पुढे केली. सगळं येत होतं त्याला. ती ते बघत होती, आणि क्षणभर तिला वाटलं, आपण उगाच घाबरलो.

चाक चढवलं तेव्हा उन्हं भिंतीवर गेली होती. उस्ताद नट घेऊन चाकासमोर बसला. पहिला नट बोल्टवर टेकवला आणि त्याची बोटं घुटमळली. तो वळला. मिस्त्रीकडे नाही, तिच्याकडे.

"इकडं ना?"

"हो. इकडं."

दुसऱ्या नटालाही त्यानं विचारलं. तिसऱ्यालाही. ती दर वेळी तेवढ्याच सहज सांगत होती, जणू पहिल्यांदाच विचारतोय. मिस्त्री हत्यारांच्या पेटीत तोंड घालून उगाच काहीतरी शोधत राहिला.

शेवटच्या नटाला त्यानं विचारलं नाही. नट बोल्टशी धरून तो नुसता थांबला. ती शेजारी येऊन बसली, त्याच्या काळ्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि पहिला आटा धरेपर्यंत हळूहळू फिरवलं.