सरकार घोडीची बादली

मी एक जुनी पत्र्याची बादली आहे, आणि मित्रांनो, एका घोडीचा माझ्यावर काडीचाही विश्वास नाही. हे सांगताना मला लाज वाटते. पण तुम्ही कधी पागेच्या मागे आलात, तर मला चिखलात कलंडलेली पाहून म्हणाल, "बिचारी, म्हातारी झाली म्हणून टाकून दिली." तसे नाही. माझ्या बुडाला अजून भोक पडलेले नाही. मला टाकले ते वेगळ्याच कारणाने.

पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवले. कडी बसवताना त्याच्या हातून एका बाजूचे भोक जरा मोठे पडले, त्यामुळे उचलले की मी खुळखुळते. दुकानात कितीतरी गिऱ्हाइकांनी मला हलवून पाहिले आणि नाक मुरडून परत ठेवले. मग एकाने हलवले, कान दिला, आणि तो हसून म्हणाला, "हीच द्या. हिचा आवाज लांबवर जाईल."

ते आमचे बाबा. नदीकाठी त्यांचे कुरण होते, आणि चढावर घर व पागा. पागेत पाच घोडे. माझे काम एकच. संध्याकाळी माझ्यात जव भरायचे, बाबांनी फाटकाशी उभे राहून मला तीनदा खुळखुळवायचे, आणि कुरणाच्या टोकाला ठिपक्यांएवढे दिसणारे घोडे माना उंचावून दौडत यायचे. मित्रांनो, तो आनंद काय सांगू! आधी जमीन थरथरायची. मग गरम श्वासांनी माझ्या पत्र्यावर धुके धरायचे. मग मऊ ओठ माझा तळ असा पुसून काढायचे, की विसळायची गरजच उरू नये.

त्यांतली तांबूस घोडी म्हणजे सरकार. "नुसत्या हाकेला लवकर येत नाही, आणि आली की काहीतरी घेतल्याशिवाय जात नाही," म्हणून बाबांनीच तिला ते नाव ठेवले होते.

घोड्यांच्या संगतीत राहणे म्हणजे नुसती मौज नव्हे बरे! लीद कितीही काढा, सकाळी तेवढीच. गोमाशा माणसांनाही चावत. वाळत घातलेल्या सदऱ्याची बाही सरकार चघळून टाकी. दाताने कडी काढून ती बाकीच्या चौघांना मोकळे सोडी, आणि सगळे त्यांच्यामागे धावत सुटले, की स्वतः शांतपणे दाण्याच्या खोलीत शिरे.

बाबांची सूनबाई लग्न होऊन आली, तेव्हा तिने घोडा फक्त चित्रात पाहिलेला. पहिल्याच आठवड्यात सरकार तिच्या पायावर पाय देऊन उभी राहिली आणि आकाशाकडे बघू लागली.

"अहो, ही माझ्या पायावर उभी आहे!"

"मग तिला सांग ना," आतून नवऱ्याचा आवाज.

"सांगितलं! ऐकत नाहीये!"

"सरकार आहे ती. लेखी अर्ज दे."

सूनबाई रडता रडता हसली, आणि त्या दिवसापासून घोड्यांची झाली. रोज सकाळी ती सरकारच्या अंगाला खरारा करी, म्हणजे ब्रशाने तिचे अंग घासून धूळ झाडी, आणि माहेरच्या सगळ्या गोष्टी तिला सांगे.

एकदा मला उचलून नेताना सूनबाईच्या हातून मी सहज खुळखुळले. माझ्यात काही नव्हते. सरकार दौडत आली, तिने माझ्यात तोंड घातले, आणि मान वर करून नुसती बघत राहिली.

"चुकलं गं बाई माझं," सूनबाई म्हणाली.

बाबा ओट्यावरून ओरडले, "पोरी, तिला माफी कळत नाही, जव कळतात. पळ, घेऊन ये! आणि ऐक, ही बादली रिकामी कधी वाजवायची नाही. आपली नि तिची बोली आहे ती."

सूनबाई धावत जाऊन ओंजळभर जव घेऊन आली. मित्रांनो, त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला! मी साधी बादली, पण माझा शब्द होता, आणि तो खरा होता.

मग बाबांचे गुडघे गेले. ते खिडकीपाशी खाटेवर पडून राहू लागले आणि कुरणाचे काम मुलाच्या अंगावर आले. मुलगा वाईट नव्हता. त्याला फक्त कायम घाई असे.

एका दुपारी नालबंद आला. घोड्यांच्या खुरांना नाल ठोकणारा हा माणूस सरकारला मुळीच आवडत नसे. त्याची पेटी दिसताच ती कुरणाच्या पार टोकाला गेली. मुलगा हाका मारून थकला.

"सरकारदरबारी खेटे घालावे लागतात म्हणतात, ते खरंच की," नालबंद हसला. "पण मला अजून दोन गावं करायचीत."

दाण्याच्या खोलीला कुलूप होते, किल्ली सूनबाईकडे, आणि सूनबाई बाजाराला गेलेली. मुलाने इकडेतिकडे पाहिले, रिकामी वाजवायची नाही म्हणून वाटेवरचे मूठभर खडे उचलले आणि माझ्यात टाकले.

मी ओरडू शकत असते तर ओरडले असते. पण मला येतो तो एकच आवाज, आणि तोच त्याने काढला. सरकार आली. तिने तोंड घातले. खडे तिच्या ओठांना लागले, आणि त्याच क्षणी तिच्या गळ्यात दोर पडला.

"हे बरं नाही हो," नालबंद पुटपुटला.

"घोडीला कुठे हिशेब येतो? उद्या विसरेल."

युक्ती साधली, आणि मित्रांनो, साधलेली युक्ती माणूस सोडत नाही. औषध पाजायचे असो की गाडीला जुंपायचे, माझ्यात खडे पडू लागले. सूनबाईला कळले, तेव्हा ती भांडली. "अहो, असं करू नका!" तो म्हणे, "एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ!" सरकार आधी धावत येई, ती चालत येऊ लागली. मग लांबवर थांबून माझ्याकडे बघू लागली. त्याच वर्षी तिला शिंगरू झाले, आणि ती माझ्याकडे बघत असली, की ते पिल्लूही तिच्या आडून माझ्याकडे तसेच बघे.

आणि मग तो दिवस आला. आमच्याकडे लख्ख ऊन होते, पण वरच्या अंगाला कुठेतरी मोठा पाऊस झाला असावा. नदी फुगली. कुरणाच्या सखल टोकाला सरकार आणि शिंगरू होते, आणि मधल्या घळीत पाणी भरू लागले. घळ भरली, की त्या टोकाचे बेट होणार, आणि थोड्या वेळाने तेही बुडणार. मोठी घोडी पोहून येईल, पण तिचे एवढेसे पिल्लू?

"बादली आण!" मुलगा ओरडला. सूनबाईने माझ्यात काठोकाठ जव भरले. खरे जव, सोनेरी, कोरडे. मुलाने मला वाजवले. तीनदा वाजवले, दहादा वाजवले. मी आयुष्यात कधी वाजले नव्हते इतकी जीव तोडून वाजले.

सरकारने मान वर केली. माझ्याकडे पाहिले, आणि पाठ फिरवली.

"ये ना गं! या वेळी खरं आहे!" मुलाचा आवाज फाटला. पण घोडीला ते कसे कळावे? माझा खरा आवाज आणि खोटा आवाज एकच होता.

सूनबाईने मला त्याच्या हातातून हिसकावले आणि लांब भिरकावून दिले. जव गवतात विखुरले. ती मोकळ्या हातांनी पाण्यात उतरली. कमरेपर्यंत पाणी, तरी ती रोज खरारा करताना बोले तशीच काहीबाही बोलत गेली. सरकारने कान टवकारले. तिने सूनबाईला आयाळ धरू दिली आणि तिच्याबरोबर पाण्यात उतरली. शिंगरू मागून आले. मधोमध प्रवाहाने त्याला दगडांवर आपटले. ते वाचले, पण त्याचा पुढचा पाय कायमचा अधू झाला. ते चालते, पण दौडत नाही.

संध्याकाळी बाबांनी विचारले, "बादलीचा आवाज मी इथे ऐकला. मग घोडी आली कशी नाही?"

बाबांनी मला मागवले आणि आतून हात फिरवला. तळाच्या शिवणीत एक खडा अडकला होता. त्यांनी तो नखाने काढला आणि तळहातावर ठेवून मुलापुढे धरला.

"बाबा, मी फक्त..." मुलगा म्हणाला.

"घोडीला फसवलंस असं वाटलं तुला?" बाबा हळू आवाजात म्हणाले. "बारा वर्षं माझी बोली होती तिच्याशी. माझी, अरे. माझ्या तोंडाने खोटं बोललास तू."

मुलाने मला उचलले, पागेच्या मागे नेऊन टाकले आणि नवीन प्लास्टिकची बादली आणली. तिच्याही आवाजाला सरकार येत नाही. आता मुलगा रोज संध्याकाळी ओंजळीत जव घेऊन सगळे कुरण चालत जातो आणि हात पुढे करून उभा राहतो. घोडी कधी खाते, कधी खात नाही.

शिक्षा मात्र मला झाली. खोटे बोलला माणूस, जीभ होती माझी. सरकार माझ्या बाजूने जाते, तेव्हा फुरफुरते आणि शिंगराला पलीकडच्या अंगाला घेते. मला तिचा राग येत नाही. मीही तिच्या जागी हेच केले असते.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी आहे. तुमच्या घरी एखादे जनावर असेल, किंवा एखादे लहान भावंड, आणि ते तुमच्या एका हाकेवर सगळे सोडून धावत येत असेल, तर ती हाक जपा. घाईच्या दिवशी तर जास्तच जपा. मला घासूनपुसून पुन्हा चकचकीत करता येईल. तिला पुन्हा धावत यायला लावणे मात्र मला जमणार नाही, आणि ते तुमच्याही हातात नाही.