आपल्यात कसला हिशेब?

"दादा, माझे थोडे पैसे मिळतील का?"

ड्रमरने असं विचारलं की दादा हसून त्याच्या पाठीवर थाप मारायचा. "अरे, आपल्यात कसला हिशेब? दौरा संपला की एकदमच बघू!"

आपल्या घरांत, कचेऱ्यांत हे वाक्य किती सहज बोललं जातं!

पाच जणांचा बँड, अकरा गावांचा दौरा. दादा मुख्य गायक. मानधन त्याच्या हातात यायचं आणि त्याच्याच हातून जायचं. तो चोर नव्हता, पण हाताचा फार सैल. आयोजकांना जेवणं, स्वतःला वेगळी खोली, सगळ्यांना एकसारखे महागडे शर्ट. "लोकांवर छाप पडली पाहिजे!" पावती मात्र एकही नाही.

सहाव्या गावी दुपारी सभागृहात वाद्यं लागत होती. दादा थबकला. ड्रमसेटची मोठी पितळी झांज जागेवर नव्हती; नुसता स्टँड उभा होता.

"झांज कुठाय?"

"विकली. सकाळी." ड्रमरने मान वर केली नाही. "मुलीच्या कानाचं ऑपरेशन आहे. आज पैसे भरले नसते तर तारीख गेली असती."

"वेडा आहेस का? मला सांगायचंस ना!"

"तीनदा मागितले, दादा."

दादाचा चेहरा उतरला आणि लगेच लाल झाला. "म्हणजे मी तुमचे पैसे खाल्ले?"

गाडी चालवणारे काका पुढे आले.

"वीस वर्षं बँडवाल्यांना फिरवतोय मी. किती बँड फुटताना पाहिले! सुरावरून एकही नाही. अरे, हिशेब विचारणारा संशय घेत नसतो. तो आपल्या घामाचं काय झालं ते विचारत असतो."

"पण काका, मी सगळं बँडसाठीच केलं!"

"मग दाखवायला कशाला घाबरतोस?"

दादाने पैशांची बॅग रंगमंचावर उपडी केली. पाच कार्यक्रमांच्या कमाईतून उरलेले पैसे पुढच्या डिझेललाही जेमतेम पुरले असते!

"सांगायची लाज वाटत होती," तो कसाबसा म्हणाला, "म्हणून हसण्यावारी नेत होतो."

तासाभरात तो स्वतःचं घड्याळ विकून झांज परत घ्यायला दुकानात पोचला. झांज गिऱ्हाईकाने नेली होती. ते पैसे त्याने ड्रमरच्या हातात ठेवले आणि बॅग कीबोर्ड वाजवणाऱ्या ताईच्या. त्या दिवसापासून कार्यक्रम झाला की आधी प्रत्येकाचा वाटा, मग डिझेल आणि मुक्काम, उरलेलं अडीअडचणीला. सगळं लिहून, सगळ्यांसमोर. वेगळी खोली बंद!

त्या संध्याकाळी त्यांनी झांजेशिवाय वाजवलं. श्रोत्यांना काही जाणवलं नाही. दादाला मात्र गाताना प्रत्येक रिकामी जागा ऐकू येत होती.

मित्रहो, विश्वास असेल तर हिशेब कशाला, असं आपण म्हणतो. पण विश्वास जपायचा असेल तर हिशेब आपणहून पुढे ठेवावा. आपल्या माणसावर तो मागायची वेळच येऊ देऊ नये!