सी-बेचाळीसचे बूट

बूट: पायांत

एकोणीसशे चाळीसचा जून, फ्रान्सचा किनारा. एकेकाळी न्यूयॉर्कला श्रीमंतांची ने-आण करणाऱ्या ‘कॅलेडोरा’ बोटीवर जर्मनांपुढे माघार घेतलेले ब्रिटिश सैनिक मुंग्यांसारखे चढत होते. सेप्टिमस रिग्बी, बावीस वर्षं खालच्या सी-डेकवरच्या केबिनींचा स्टुअर्ड, एकेक तोंड निरखत होता. लिव्हरपूलहून निघताना बहिणीनं बजावलं होतं, माझा लेनी दिसला तर सोडू नकोस.

दिसला. चार रात्री जागलेला.

“चल, बेचाळीस नंबर राखून ठेवलीय.”

“लॉर्डसाहेबांची केबिन? मामा, मी आपला वर उघड्या डेकवर पडतो.”

“वर जर्मन विमानं घिरट्या घालतायत. खालीच झोप. आणि आधी बूट काढ, चादर पांढरी आहे.”

बूट: दाराबाहेर

“पॉलिश करून आणा हं,” लेनी अर्धवट झोपेत म्हणाला. “नाहीतर आईला सांगेन.”

बोटीची जुनी रीत. प्रवाशानं बूट दाराबाहेर ठेवायचे, स्टुअर्डनं तळाला खडूनं नंबर घालून न्यायचे. रिग्बीनं ४२ लिहिलं. दार ओढून घेतलं. पॉलिशची खोली वरती होती.

बूट: काखेत

एक दणका. दुसरा.

बोट कुशीवर कलली. रिग्बी जिन्याकडे धावला. जिना आधी माणसांनी गच्च भरला, मग पाण्यानं.

“खाली भाचा आहे माझा.”

“खाली आता पाणी आहे, बाबा,” म्हणत कुणीतरी त्याला होडीत ढकललं.

बूट: मांडीवर

समुद्रावर तेल. तोंडं काळीठिक्कर. ओळख पटेना, म्हणून तो पाय बघू लागला. अनवाणी असेल तो लेनी.

पण पोहायचं म्हणून सगळ्यांनीच बूट काढून फेकले होते. वर ओढलेला प्रत्येक जण अनवाणी.

“लेनी?”

नाही.

“लेनी?”

बूट: धक्क्यावर

इंग्लंडचं प्लिमथ बंदर. वाचलेल्यांना घेऊन येणाऱ्या बोटींपैकी ही शेवटची, असं पहारेकऱ्यानं दोनदा सांगितलं. सगळे उतरले. अगदी मागे एक अनोळखी सैनिक, पायांना चिंध्या गुंडाळलेल्या.

“कुणाची वाट बघताय, काका?”

“बेचाळीस नंबरची.”

“बूट त्याचेच?”

रिग्बीनं ते उलटे केले. खडू जसाच्या तसा. त्या बुटांपायी तो वर गेला होता, म्हणून त्याला स्वतःला पाण्याचा थेंब लागला नव्हता.

अंगठ्यानं त्यानं ४ पुसला. बऱ्याच वेळानं २.

“आठ नंबरचे आहेत,” तो गुडघ्यांवर बसत म्हणाला. “पाय पुढे कर. पॉलिश तेवढं राहिलंय.”