वसईच्या घडणीचा नांगर

मी नांगर. शेतातला नव्हे, बोटीचा. कतारच्या उत्तरेला समुद्राच्या तळाशी, अर्ध्या मोडलेल्या प्रवाळात अडकून बोलतोय. वरच्यांना ऐकायची सवय नाही, हे मला ठाऊक आहे. तरी बोलणार.

दोह्याच्या एका वर्कशॉपमध्ये जहूर नावाच्या वेल्डरने मला घडवलं, एका टॉवरच्या कामातून उरलेल्या सळयांपासून. हॅरीने खोक्याच्या पुठ्ठ्यावर माझं चित्र काढून दिलं होतं. दांडा, आणि खाली चार वाकड्या नख्या.

"भाईजान, मछली पकड़नी है या जहाज?" जहूर हसला.

"अस्सल वसई का डिझाइन है. तू नहीं समझेगा," हॅरी म्हणाला.

हॅरी हमद पोर्टवर कंटेनरच्या ऑफिसात. साहेबाची जुनी बोट त्याला शुक्रवारी मिळायची. सोबत त्याचा मावसभाऊ क्लेटन. हा हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. लोकांच्या आतली हाडं रोज बघणारा माणूस, पण समुद्राच्या आत कधी डोकावला नाही. दोघांचे आजे मासेमार, म्हणून दोघांना समुद्र कळतो म्हणे. पोहता दोघांनाही येत नाही.

वसईच्या किनाऱ्याला तळाशी चिखल. नांगर टाकला की रुततो, ओढला की निघतो, चिखल परत मिटतो. पाणी इतकं गढूळ, की खाली बघायची कुणाला गरजच पडली नाही. इथलं पाणी काचेसारखं. खाली चिखल नाही, प्रवाळ आहे, जिवंत. पण आजा बघायचा नाही, म्हणून नातूही बघत नाही. याला ते अनुभव म्हणतात.

उत्तर टोकाच्या मदिनत अश शमाल गावाच्या बाजूने बोट निघायची. हमूर मासा मिळण्याची जागा आली की हॅरी ओरडायचा, "यल्ला, टाक!" आणि मी खाली. माझ्या नख्यांखाली काय फुटतंय, ते मला दांड्यापर्यंत कळायचं. वर बिर्याणीचा डबा उघडला जायचा.

क्लेटनची मुलगी फियोना. कॉलेज अर्ध्यावर सोडून डायव्हिंग शिकायला लागलेली. बोटीवर याची चेष्टा ठरलेली.

"काय गो बाय, आज किती कासवं मोजली? हजेरी घेतेस काय त्यांची?" हॅरी विचारायचा.

"अंकल, ॲटलीस्ट ती रोज येतात. तुम्ही चर्चला जाता का रोज?"

क्लेटन हसायचा नाही. "आमचं नाक कापलंस," एवढंच म्हणायचा.

ती पाठीला हवेची टाकी बांधून खाली उतरायची, तेव्हा मी तिला बघायचो. मागच्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं, की आजूबाजूचं सगळं प्रवाळ पांढरं पडून मेलं. एकच जगलं, जेवणाच्या टेबलाएवढं. त्याच्या कपारीत एक कासवीण डोकं खुपसून झोपायची. फियोना लांब थांबून नुसती बघत राहायची.

तिला एकच हवं होतं, पप्पांनी एकदा हे बघावं. पोहायलाही नको, बोटीची शिडी धरून नुसतं तोंड पाण्यात घालावं. त्यासाठी तिने बापाला पाण्यात बघायचा मास्क आणला, पट्ट्यावर मार्करने 'पप्पा' लिहून.

"माझ्या वाढदिवसाला बघीन, प्रॉमिस," क्लेटन म्हणाला. वाढदिवस बोटीवरच झाला. हॅरीने तो मास्क लावून कांदे कापले. डोळ्यांत पाणी येत नाही म्हणून सगळ्यांना दाखवलं. क्लेटन पोट धरून हसला. फियोना हसली नाही.

एकदा तिने मोबाईलवर कॅरिबियनमधलं एक बेट दाखवलं. तिथे बोटी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाला बांधतात. नांगर टाकायला बंदी.

"मग तिथलाच नवरा बघ!" हॅरी म्हणाला. "आम्हाला समुद्र शिकवते."

"पप्पा, प्लीज. फक्त थोडं पुढे टाका. तिकडे वाळू आहे."

"पुढे हमूर नाही. आणि परत असलं नाटक केलंस तर तिकीट काढून वसईला पाठवीन. खलास," क्लेटन म्हणाला.

त्या शुक्रवारी ती खाली होती. खाली कोणी आहे हे सांगणारा तिचा नारिंगी फुगा पाण्यावर दिसत होता. दिसत होता, पण बघितला कोणी? हॅरीने मला सोडलं. मी थेट तिच्या प्रवाळावर आदळलो. कासवीण धडपडत पळाली. माझ्या दोन नख्या आत घुसल्या. मग जागा बदलायची म्हणून हॅरीने दोरी ओढली, मी हललो नाही. मग त्याने इंजिन लावलं. खाली पोरगी आहे आणि वर इंजिन! अर्धं प्रवाळ कडाकड तुटून वाळूत पडलं. उरलेलं अर्धंही निघायला लागलं.

फियोनाने पायाला बांधलेली सुरी काढली आणि माझी दोरी कापली.

वर बोटीने झोका खाल्ला असणार. ती वर गेली तेव्हा आरडाओरडा झाला. पाण्यातून शब्द कळले नाहीत, क्लेटनचा आवाज तेवढा ओळखू आला. मग वरून काहीतरी गिरक्या घेत खाली आलं. मास्क. पट्ट्यावर 'पप्पा'.

त्यानंतर फियोना आली नाही. वसईला पाठवली की घरात बसवली, मला सांगणार कोण? उरलेलं अर्धं प्रवाळ अजून जिवंत आहे. मास्क त्याच्यासमोर वाळूत उभा रुतलाय, काच प्रवाळाकडे करून. बाप बघणार होता ते सगळं तो बघतोय.

आज पुन्हा ओळखीचं इंजिन वाजलं. बोट बरोबर डोक्यावर येऊन थांबली आहे. तिच्या पुढच्या टोकाला नवा नांगर लटकतोय, माझ्याहून दुप्पट. त्याच चार नख्या. एक हात त्याच्या दोरीकडे जातोय.

क्लेटन, तुझा मास्क माझ्याजवळ आहे. काच फुटलेली नाही. ती दोरी सोडायच्या आधी, शिडी धर आणि एकदा खाली बघ.