उजव्या चाकाचं लॉक

मी जीप बोलतेय. जरा थांबून थांबूनच बोलेन, हल्ली दम पुरत नाही. टेंभुर्णीत पीरसाबच्या घरापुढं लिंबाखाली उभी असते. कोंबड्या सीटवर बसतात. मी काही म्हणत नाही.

जन्माला आले कारखान्यात, पण कळती झाले एका सरकारी खात्यात. तिथं साहेब बदलत गेले, माझं तेल मात्र कुणी वेळेवर बदललं नाही. शेवटी लिलावात पीरसाबनं मला घेतलं. उजनीच्या काठावर मासेमारांना बर्फ पोचवायचा आणि मासळी बाजारात आणायची, हा त्याचा धंदा. धरणाचं पाणी उतरलं की लांबच लांब काळी जमीन उघडी पडते. वरून भेगाळलेली, आतून लोण्यासारखी मऊ. चारही चाकांनी ओढल्याशिवाय तिथून गाडी निघत नाही.

माझ्या पुढच्या चाकांच्या मधोमध एकेक चकती आहे. खाली उतरून ती हातानं पिळायची, खुणेवर आणायची. खटका बसला की लॉक लागलं. एका बाजूचं जरी राहिलं, तरी पुढची दोन्ही चाकं नुसती शोभेची. हे काम पीरसाब स्वतः करायचा. पिळल्यावर चकतीवर थाप मारायचा, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

मग त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चालायला लागला, बोलायला लागला, पण हात पहिल्यासारखा झाला नाही. स्टिअरिंग त्याच्या लेकीनं घेतलं. कौसर सोलापुरात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होती, ते सोडून घरी आली. बापलेकीत तेवढं एकच ठरलं: गाडी तिनं चालवायची, लॉक त्यानं लावायचं.

गेल्या आषाढात आमच्याकडं पावसाचा टिपूस नव्हता. पाऊस पडत होता वर, पुण्याकडं. तिकडून सोडलेलं पाणी उजनीत कसलाही आवाज न करता चढतं. धरणाच्या पोटात जेऊरच्या बाजूला एका उंचवट्यावर बजाबाईची झोपडी होती. नवरा होडी घेऊन पलीकडं गेलेला, ही शेरडं आणि जाळी सांभाळत एकटी. गुडघे इतके सुजलेले की चालणं मुश्कील. तिचा फोन आला तसे हे दोघं निघाले.

चिखल सुरू झाला तिथं पीरसाब उतरला. डावीकडं खटका बसला. उजवीकडं येऊन त्यानं चकती धरली, पिळली, पुन्हा पिळली. खूण निम्म्यावर थांबली. त्यानं थाप मारली आणि येऊन बसला. मला ते कळलं होतं, पण सांगणार कशी?

जाताना उतार होता, निभावलं. बजाबाईला, शेरडांना, जाळ्यांना घेऊन परतताना चढाला मागची चाकं रुतली. कौसरनं चारही चाकं चालवणारा फोर बाय फोरचा दांडा टाकला. मागून चिखल उडाला, पुढची चाकं ढिम्म. डावीकडच्या खळग्यात पाणी शिरलेलं दिसत होतं.

पीरसाब वाकून माझ्या पोटाखाली बघू लागला. कौसरला त्यानं क्लच हळू सोडायला सांगितलं. माझा पुढचा शाफ्ट फिरत होता. म्हणजे गिअरपेटी चांगली होती, दोष त्याच्या पुढं होता.

"लॉक बघू का?" कौसरनं विचारलं.

"लॉक मी लावल्यात," तो म्हणाला. "आतला एक्सेल तुटला आसंल. म्हातारी झाली ही. सोड हिला, बजाबाईला आपुन उचलून न्हेऊ."

इतकी वर्षं ओढून मी ते ऐकलं. बजाबाई तेवढ्यात म्हणाली की शेरडं सोडून ती यायची नाही. तुम्ही दोघं जा.

कौसर उतरली. माझ्या उजव्या चाकापाशी बसून तिनं ओढणीच्या टोकानं चकती पुसली. खूण निम्म्यावर. ती तशीच बघत राहिली. मग चाकाआडून तिनं बापाकडं पाहिलं. तो डावा हात उजव्या हाताखाली धरून पाण्याकडं बघत उभा होता. तिनं पक्कड लावून चकती पिळली. खटका बसला.

"चिखल भरला व्हता, अब्बा," ती म्हणाली. "काढला."

पुढच्या चाकांनी जमीन धरली. मी कण्हत, फुरफुरत चढ चढले. शेरडं ओरडत होती. बजाबाई पीरसाबचा खांदा धरून रडत होती, आणि तो तिला म्हणत होता की गाडी जुनी झाली, चिखल धरते.

नंतर एका सकाळी तो एकटाच माझ्यापाशी आला. मातीत बसला. उजव्या हातानं चकती धरून पिळत राहिला. कपाळाला घाम आला, चकती हलली नाही. मान वर केली तर दारात कौसर.

"त्या दिशी चिखल न्हवता," तो म्हणाला.

ती जवळ आली. "न्हवता."

"मला तवाच बोलायचं व्हतंस."

"बजाबाईसमोर?"

त्यानं मान हलवली. उठायला तिनं हात दिला, तो त्यानं धरला. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

त्यानंतर आम्ही अजून एक हंगाम काढला. चिखल आला की कौसर उतरायची, पीरसाब आपल्या जागी बसून राहायचा. त्या बसण्याचा भार मला शेरडांपेक्षा जड वाटायचा.

आता माझ्या आरटीओच्या कागदांची मुदत संपली. पुन्हा पास व्हायची उमेद माझ्यात नाही, आणि खरं सांगते, इच्छाही उरली नाही. मला न्यायला भंगारवाला यायचा आहे, असं कौसर फोनवर बोलत होती. न्या. माझी तक्रार नाही. फक्त पीरसाब नमाजाला गेला असताना न्या. तो घरी असला तर त्या हातानंही उठून मला ढकलायला येईल.